कोपर नसलेली सून

दवाखान्याचा उंबरा ओलांडला की पुरुषांचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं अंग नाहीसं होई. सदरा आत येई, सदऱ्याखाली मोकळी जागा, आणि त्याखाली पोटऱ्या आणि बूट चालत येत. मधल्या जागेतून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसे. बाकावर बसताना पुरुष सवयीनं पँट चिमटीत धरून वर ओढत. पँट तिथं नसे, पण चिमूट जाई. बाहेर पडले की सगळं पुन्हा जागच्या जागी. कुणाला त्याचं काही वाटत नसे. देवळात जाताना चपला बाहेर काढाव्यात, तसं ते झालं होतं.

शेवंताबाईंना मात्र वाटे, कारण त्यांना आधीचं आठवत होतं. त्या परकरात होत्या तेव्हा त्या जागेवर तालीम होती. उंबरा हाच, काळ्या दगडाचा, मध्ये झिजून खोलगट झालेला. थोरल्या भावासाठी दुधाची चरवी घेऊन त्या उंबऱ्यापर्यंत जात. आत पाऊल टाकायची बायकांना बंदी होती, पण बाहेरून सगळं दिसे. लंगोट लावलेली, तांबड्या मातीनं माखलेली माणसं. मांडीवर शड्डू ठोकला की चावडीपर्यंत आवाज जाई. गावातली म्हातारी माणसं येऊन कुणाची मांडी कशी भरली आहे यावर तासन् तास बोलत.

"तेव्हा केवढं कौतुक होतं त्या मांड्यांचं," शेवंताबाई म्हणत. "आता कॅलेंडर दिसतंय."

बायकांचं अंग सगळंच्या सगळं आत येई, म्हणून तपासणी बायकांची होई. शरीरसंबंधातून होणारी एचपीव्ही नावाची एक लागण असते, ती आहे की नाही हे त्यात बघत. बाईनं टेबलावर झोपायचं, पाय वर घ्यायचे, आणि डॉक्टरीणबाईंनी एका बारक्या ब्रशनं आतलं पुसून घ्यायचं. नवऱ्यानं शेजारी उभं राहून आपल्या उजव्या हाताचं बोट तिच्या उजव्या कोपराला लावायचं. तेवढ्यानं त्याचीही तपासणी झाली असं धरत. पूजेत नवरा करतो ते बायकोला पोहोचावं म्हणून ती नुसता त्याच्या हाताला हात लावून बसते, त्यातलाच हा प्रकार, फक्त उलटा. त्यामुळे गावाला तो पटवून द्यावा लागला नाही.

शेवंताबाईंची मुलगी मंजुळा नवरात्र झाल्यावर तपासून आली. जावई हेमंतराव शेजारी उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट, आणि बोट तिच्या कोपराला. काही दिवसांनी कळलं की मंजुळाला लागण आहे.

हेमंतरावांच्या घरचं पेठेत भांड्यांचं दुकान होतं. दुसरं दुकान उघडायचं होतं, त्याची सत्यनारायणाची पूजा रविवारवर आली होती. हेमंतरावांच्या आईनं, यमुताईंनी, मंजुळाची बॅग भरली आणि तिला रिक्षात बसवून माहेरी पाठवलं. तिच्या जागी त्यांनी सुपारी ठेवली.

यात नवीन काही नव्हतं. बायको हजर नसली की भटजी पाटावर तिच्या जागी सुपारी ठेवतात आणि तीच बायको असं समजून पूजा पुढं चालते. यमुताईंनी तेच जरा आधीपासून सुरू केलं, इतकंच.

शेवंताबाई जाब विचारायला गेल्या तेव्हा सुपारी स्वयंपाकघरात ओट्यावर होती. यमुताई झोपाळ्यावर बसून लसूण सोलत होत्या. हेमंतराव खुर्चीत पेपर वाचत होते. घरात ते पूर्ण होते, पायावर पाय टाकून बसले होते.

"या विहीणबाई, बसा," यमुताई म्हणाल्या. "सूनबाई, चहा टाक गं."

सुपारी काही बोलली नाही. थोड्या वेळानं चहा आला. आलं घातलेला, बेताचा गोड. चांगला झाला होता, आणि हे शेवंताबाईंना मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

"माझ्या मंजूचं मंगळसूत्र हिच्या गळ्यात घातलंत?"

"गळा कुठाय तिला? भोवती गुंडाळलंय. छान बसलं." यमुताईंनी लसणाची साल फुंकली. "गुणाची आहे हो. उलटून बोलत नाही. माहेरी जायचं नाव काढत नाही."

"माहेर कोकणात असणार तिचं. एसटी सोयीची नसेल."

पेपरामागं हेमंतराव हसले आणि लगेच खोकले.

"हसा, जावईबापू," शेवंताबाई म्हणाल्या. "मंजू कशी आहे ते विचारा आणि मग हसा."

"कशी आहे?" पेपर खाली न घेता हेमंतरावांनी विचारलं.

"लागण झालेल्या बायका असतात तशी. खाते, पिते, शिवण शिवते. तुम्ही कसे आहात?"

"मला काय झालंय?"

"बोट लावलं होतंत ना तिच्या कोपराला? मग तिचं निघालं ते तुमचंही निघालं."

यमुताईंनी सुरी खाली ठेवली. "असं कसं विहीणबाई? हातातून चांगलं तेवढं येतं. वाईट ज्याचं त्याच्यापाशी राहतं."

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? असतंच तसं."

शेवंताबाईंना नाना आठवले. नाना म्हणजे त्यांचे मालक. जन्मभर नानांनी पूजा केल्या आणि शेवंताबाईंनी हात लावला. केळीच्या खांबांचा ओला वास, साजूक तुपातल्या शिऱ्याची वाफ, आणि अध्याय संपेपर्यंत मुंग्या येऊन दगड झालेला आपला हात. नाना मधूनच हळूच विचारत, "दमलीस का गं?" त्यांचं पुण्य किती आलं हे कधी कळलं नाही. पण नाना पत्त्यांच्या क्लबात पकडले गेले, तेव्हा शेवंताबाईंनी कशालाही हात लावलेला नव्हता, तरी पाण्यावर बायका त्यांच्याकडंच बघून बोलत.

"माझ्यापर्यंत तर वाईटच आधी यायचं," त्या म्हणाल्या. "चांगल्याला लय वेळ लागायचा."

"तुमचं तुमच्यापाशी," यमुताई म्हणाल्या. "गुरुवारी सूनबाईला तपासायला नेतोय. हेमंत बोट लावेल. स्वच्छच निघणार, एवढी गुळगुळीत आहे. रविवारी दोघं पाटावर बसतील. एकदा पूजा झाली की ही कायमची. मग मंजूनं यायचं कारण उरत नाही. तिचे कपडे मी पाठवून देईन."

ओट्यावर सुपारीनं कपबशा विसळायला घेतल्या.

घरी मंजुळा मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. शेवंताबाईंनी सगळं सांगितलं. मंजुळा रडेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं दातानं दोरा तोडला.

"सुपारीला चहा जमतो?"

"जमतो."

"माझ्या डब्यातलं आलं वापरत असेल."

मग तिनं सुईत नवा दोरा ओवला आणि ती म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं राहिलं. त्यांनी बोट लावलं ना, तेव्हा मी जड झाले. टेबल करकरलं. मानेला काही नाही, पायाच्या बोटांना काही नाही. फक्त कमरेपासून गुडघ्यापर्यंत. माझ्यात दोघांचं वजन आल्यासारखं. डॉक्टरही म्हणाल्या, ताई, सैल सोडा. कसं सोडणार सैल?"

शेवंताबाई शेंगदाणे पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"तिथं जातंय होय ते," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की पुरुषांचं मधलं अंग नाहीसं होतं. ते नाहीसं होत नव्हतं. कोपरातून बाईच्या अंगात शिरून, तिच्याबरोबर टेबलावर आडवं होऊन, तिच्या नावानं तपासून घेत होतं.

"तुला त्या घरात परत जायचंय का मंजू?"

"ते मला अजून माहीत नाही." मंजुळानं ब्लाउज उलटा केला. "पण हाकललं म्हणून बाहेर राहायचं नाही. आणि ही लागण माझ्या एकटीची आहे असं म्हणून घ्यायचं नाही. दोघांचं असेल ते दोघांनी आडवं होऊन बघायचं. पुढचं मग मी ठरवेन."

"मग गुरुवारी चल माझ्याबरोबर."

गुरुवारी त्या दोघी लवकर जाऊन बसल्या. बाकांवर सदरे आणि बूट होते, त्यांच्या शेजारी पूर्ण बायका होत्या. एक सदरा दुसऱ्या सदऱ्याला उसाचा भाव सांगत होता. शेवंताबाई मंजुळाला घेऊन थेट आतल्या खोलीत गेल्या. डॉक्टर रेवती हात धूत होत्या. वयानं लहान होत्या, पण डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती.

"डॉक्टर, पुरुषांची तपासणी का करत नाही?"

"त्यांच्यासाठी ठरलेली तपासणीच नाही, आजी. आणि तपासायची जागा आत येत नाही. तुम्ही बघताच."

"पण लागण त्यांना होते ना?"

"होते की. ही फार जणांना होते, आजी, बायकांनाही आणि पुरुषांनाही. बहुतेकांची आपोआप जाते, त्यांना कळतही नाही. काहींच्यात राहते, म्हणून लक्ष ठेवायचं. कुणाकडून आली, कधी आली, ते सांगता येत नाही. वीस वर्षांपूर्वीचीही असू शकते. त्यात कुणाचा गुन्हा शोधायचा नसतो."

"हे तुम्ही त्यांना सांगता?"

"सगळ्यांना सांगते. मान हलवतात." डॉक्टरांनी हात पुसले. "मान आत येते त्यांची."

तेवढ्यात यमुताई आल्या. हातात चांदीची वाटी, वाटीत मंगळसूत्र गुंडाळलेली सुपारी. मागून इस्त्रीचा सदरा आणि चकचकीत बूट. हेमंतरावांनी मंजुळाला बघितलं आणि सदऱ्याची कॉलर सरळ केली. मंजुळानं त्यांच्या मधल्या जागेतून कॅलेंडर बघितलं.

"या कशाला इथं?" यमुताईंनी विचारलं.

"बघायला," शेवंताबाई म्हणाल्या. "आमची जागा घेतली तिनं. ओळख नको?"

डॉक्टरांनी टेबलावर नवा पांढरा कागद पसरला. यमुताईंनी सुपारी मधोमध ठेवली आणि तिच्यावर अर्धा रुमाल घातला, लाज राखायला. हेमंतराव शेजारी उभे राहिले आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं.

बोट हवेत थांबलं.

"कोपर?" डॉक्टरांनी विचारलं.

यमुताईंनी रुमाल काढला. सुपारी एका बाजूनं फिरवली, दुसऱ्या बाजूनं फिरवली. बुडाशी जरा चपटी होती, तिथं हेमंतरावांनी बोट टेकवून बघितलं. काही झालं नाही. सुपारीच्या डोळ्यापाशी टेकवलं. तिथंही नाही.

"असेल की कुठंतरी," यमुताई म्हणाल्या. "अहो, स्वयंपाक करते ती सगळा. कोपराशिवाय पोळ्या कशा लाटल्या असतील?"

"लाटल्या असतील," डॉक्टर म्हणाल्या. "पण कोपर नाही."

तेव्हा खोली लहान व्हायला लागली. आवाज झाला नाही. औषधांचं कपाट होतं तिथंच होतं, फक्त टेबलाजवळ आलं. बेसिन जवळ आलं. दार होतं त्या बाजूची भिंत दारासकट पुढं सरकली आणि दाराची कडी टेबलाला टेकली. आता दार उघडायला जागा नव्हती. हेमंतरावांच्या बोटाला कोपर हवं होतं आणि खोली होती नव्हती ती सगळी कोपरं त्याच्याजवळ आणून देत होती.

शेवंताबाईंना ते लगेच कळलं. त्यांनी डावा तळवा उजव्या कोपराखाली घेतला आणि कोपर मुठीत झाकून टाकलं.

"मंजू, हात बांध."

मंजुळानं हात बांधले. बोट तिच्याकडं वळलं होतं. ते तिच्या बाहीपाशी येऊन थांबलं, जसं दार बंद असलेल्या घरासमोर कुणी थांबावं.

"मंजू," हेमंतराव म्हणाले. "एवढ्यापुरतं."

"एवढ्यापुरतं मी झोपले होते," मंजुळा म्हणाली. "त्याचं काय झालं ते बघितलं."

भिंत आणखी आत आली. उभं राहायला टेबलाभोवती पावलाएवढी जागा उरली. सुपारी कागदावरून घरंगळली आणि खाली कुठंतरी गेली. यमुताई "सूनबाई, जपून" म्हणाल्या, पण वाकायला जागा नव्हती. हेमंतरावांचे बूट भिंतीत आणि टेबलात अडकायला लागले.

"झोपा, जावईबापू," शेवंताबाई म्हणाल्या. "तेवढीच जागा रिकामी आहे."

"मी?"

"टेबल सगळ्यांचंच आहे."

हेमंतरावांनी डॉक्टरांकडं बघितलं. "पुरुषांसाठी तपासणी नसते ना?"

"ठरलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पाकीट फाडून ब्रश बाहेर काढला. "ब्रश आहे. वरच्या कातडीवरून घेईन. त्यातून काय कळेल आणि काय नाही, ते मात्र मी सांगू शकत नाही."

"मला काही कळायला नकोय," शेवंताबाई म्हणाल्या. "आडवं झाल्यावर कसं वाटतं, ते त्यांना कळू दे."

भिंतीनं हेमंतरावांना मागून हळूच ढकललं. ते टेबलावर बसले आणि मग आडवे झाले. एका टोकाला सदरा, दुसऱ्या टोकाला बूट, आणि मध्ये नुसता कागद, एकही चुणी नसलेला. डॉक्टर ब्रश धरून त्या कागदाकडं बघत राहिल्या.

"घासू कुठं?"

"येईल," शेवंताबाई म्हणाल्या. "कोपर मिळालं नाही तर जाणार कुठं ते?"

बोट अजून फिरत होतं. ते डॉक्टरांकडं गेलं. डॉक्टरांनी ब्रश डाव्या हातात घेतला आणि उजवं कोपर पोटाशी दाबलं. बोट शेवंताबाईंकडं आलं, मुठीवरून फिरलं, मुठीचा सांधा चाचपला, आणि पुढं गेलं. पुढं यमुताई होत्या.

"आई," हेमंतराव म्हणाले.

यमुताईंच्या हातात रिकामी वाटी होती. त्यांचं उजवं कोपर त्या वाटीमुळं बाहेरच आलं होतं. सोन्याची पाटली, तिच्यावर सुरकुतलेली, मऊ पडलेली कातडी. बोट आणि कोपर यांच्यामधून एक पोस्टकार्ड जाईल एवढीच फट राहिली.

यमुताईंनी वाटी सोडून दिली. ती खाली पडून गोल गोल फिरली. त्यांनी पदर ओढून कोपरावर घट्ट गुंडाळला.

"मी नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी नाही झोपायची तिथं."

"का विहीणबाई?" शेवंताबाईंनी विचारलं. "चांगलं तेवढंच येतं की हातातून."

भिंतीनं यमुताईंना शेवंताबाईंच्या खांद्याला खांदा लावून उभं केलं होतं. त्यांच्या अंगाला लसणाचा वास येत होता. त्या अगदी हळू म्हणाल्या, "हेमंतच्या वडलांनी मला दरवर्षी नेलं इथं. दरवर्षी मीच झोपले. घरी येऊन दोन दिवस पायऱ्या चढवायच्या नाहीत मला. हेमंतला कधी सांगितलं नाही."

"हात नीट बांधा," शेवंताबाई म्हणाल्या. "पदर सुटेल."

यमुताईंनी कोपर तळव्यात धरलं. आता टेबलाभोवती चौघी उभ्या होत्या, हात बांधून, एकीचा श्वास दुसरीच्या मानेवर पडेल इतक्या जवळ. दाराबाहेर कुणीतरी हाक मारली, डॉक्टर, अजून किती वेळ. मग बाहेरचे बूट दाराशी गोळा झाल्याचा आवाज आला. कुणी दार वाजवलं नाही.

"दुखेल का?" हेमंतरावांनी छताकडं बघत विचारलं.

"गार लागतं," मंजुळा म्हणाली. "मी पंख्याची पाती बघत होते. तुम्हीही पाती बघा."

"पंखा बंद आहे."

"तेव्हाही बंद होता."

कागदावर एक चुणी पडली. मग तिच्या शेजारी दुसरी. टेबल करकरलं, आणि डॉक्टरांनी ब्रश पुन्हा उजव्या हातात घेतला. कागदाच्या मधोमध काहीतरी येत होतं, आणि जे येत होतं ते काळवंडलेलं किंवा डागाळलेलं नव्हतं, नुसतं गारठलेलं होतं. त्याच्यावर काटा उभा राहिलेला दिसत होता.

"हलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

हेमंतराव हलले नाहीत. फक्त त्यांचं बोट हललं. कुठंच जागा न मिळाल्यामुळं ते मागं वळलं, मनगटातून वाकलं, तळव्यावरून उलटं फिरलं, आणि त्यांच्या स्वतःच्याच उजव्या कोपराकडं निघालं. मनगटाच्या शिरा ताणल्या गेल्या. चौघी वाकून बघत राहिल्या. बोट आणखी वाकलं, अजून थोडं राहिलं होतं.